मेंढपाळांच्या खोऱ्यातला पाहुणा

दोन हजार सतरा साल सरत आलं होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. लहानाचं मोठं होण्याचं लिहायचं तर लोक मिसरूड फुटल्याचे दिवस लिहितात. माझ्या त्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. चौथीतून शाळा सुटली, बैलांमागे गेलो, उंची वाढली, लग्न झालं, एवढंच. खरी वाढ म्हणाल तर ती त्या वर्षी झाली, खाटेवर पडून, एक पाय उशीवर ठेवून आणि हातात सुनेचा मोबाइल धरून. ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं. हे सगळं मी माझ्या हाताने लिहितो आहे. जोडाक्षरं चुकत असतील, पण गोष्ट चुकायची नाही.

त्या हंगामात कपाशीवर गुलाबी अळी आली. बियाणं विकणाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं की या पऱ्हाटीला अळी लागत नाही. पहिली काही वर्षं ते खरंही ठरलं, म्हणून तर आम्ही अळीकडे पाहायचं विसरून गेलो होतो. बोंड वरून पाहावं तर टणक, हिरवंगार. फोडून पाहावं तर आत सडकी कवडी आणि त्या कवडीत तांदळाएवढी गुलाबी अळी, आपल्याच घरात पसरून बसल्यासारखी. आमचं वावर बीबी गावच्या रस्त्याला टेकाडाच्या उतारावर, बरड जमिनीचं. त्याच्या खाली कादरभाईचं वावर. मधे एकच धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर एक बोरीचं झाड, ज्याची बोरं दोन्ही घरची लेकरं खात मोठी झाली. अळीने धुरा पाहिला नाही. त्याचंही गेलं, माझंही गेलं.

जो काही थोडाफार कापूस हाती लागला तो गाडीत भरून मी दोर आवळत होतो. चाकावर उभा होतो. बैलाने माशी झटकायला मान उडवली आणि गाडी हातभर पुढे सरली. एवढंच झालं, पण मी खाली आलो आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. देऊळगाव राजाच्या डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाला, बाबा, आता हा पाय जमिनीला लावायचा नाही. मी विचारलं, कधीपर्यंत? तो म्हणाला, मी सांगेन तोपर्यंत. बाप गेल्यापासून मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

दिवसा आपलं घर कसं वाजतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तांबडं फुटलं की मी वावरात असायचो आणि दिवे लागले की घरात. आता ओसरीवरच्या खाटेवरून सगळं ऐकू यायचं. ऊन चढलं की वरचं टिन कट् कट् बोलायचं. माझी बायको गया सुपात ज्वारी पाखडायची आणि मधेच सूप थांबलं की समजावं, खडा सापडला. दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली की शेळी उगाच ओरडायची, जणू तिलाच दळण आणायचं आहे. दुपारच्या वेळेला अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की साऱ्या घराला ठसका लागायचा आणि मग गया एकटीच हसायची. हे हसणं इतक्या वर्षांत मी ऐकलेलं नव्हतं. पायाचं दुखणं सोडलं तर ते दिवस वाईट नव्हते, हे आज मोकळेपणी लिहितो.

आमचा गजानन पुण्याकडे कंपनीत लागला होता आणि सून अश्विनी आमच्याजवळ राहत होती. ती देऊळगाव राजाची, बारावी शिकलेली. घरात येऊन दुसरं वर्ष होतं, पण ती माझ्याशी थेट बोलत नसे. तशी पद्धतच होती. ती आतून म्हणायची, "आत्याबाई, मामाजीले विचारा, चहा घेतात का." मी तिथेच बसलेला, मला ऐकू आलेलं. तरी गया बाहेर येऊन मला विचारणार, मी हो म्हणणार, तेही तिला ऐकू जाणार आणि तरी गया आत जाऊन सांगणार. एका चहाला तीन माणसं लागायची.

एक दिवस दुपारी आतून मेंढ्यांच्या घंटांचा आवाज आला. मग पाण्याचा, मग कुत्र्याचा. मला वाटलं धनगरांचा कळप अंगणात शिरला. मी गयाला म्हणालो, बाहेर पाह्य, मेंढ्या कोणाच्या आल्या. गया पाहून आली, मेंढी कुठेच नव्हती. घंटा पुन्हा वाजल्या. तेव्हा कळलं की सून काम आटोपून दाराआड बसते आणि मोबाइलवर खेळते, मेंढ्या त्यातल्या आहेत. ती घाबरली, तिला वाटलं सासरा आता गजाननला फोन लावतो. मी गयाला म्हणालो, तिले विचार, त्या मेंढ्यायले पाणी कोण पाजते. आतून पहिल्यांदा थेट उत्तर आलं, "मीच पाजतो मामाजी."

तिचा एक जुना मोबाइल होता, काचेला तडा गेलेला. तो माझ्या हातात आला तो असा.

खेळाचं नाव होतं सात खोरी. अक्षरं हिंदीत होती, ती मी बोट ठेवून वाचायचो. देशभरातली माणसं एकाच वेळी त्या खोऱ्यांमधून हिंडायची, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव. तिथे कुळं होती. मीठ काढणाऱ्यांचं एक, लोहारांचं एक, नावाड्यांचं एक आणि मेंढपाळांचं एक. ही माणसं खरी नव्हेत, खेळातलीच. पण आपण ज्या कुळाचं काम करू त्याच्याजवळ आपली पत वाढायची. पत वाढण्याच्या पायऱ्या होत्या. पहिल्यांदा तुम्ही पाहुणा, मग ओळखीचा, मग शेजारी, मग सोयरा आणि सगळ्यात वर घरचा. पाहुण्याला कोणी तंबूत घेत नसे. शेजाऱ्याला त्यांच्या खोऱ्यात झोपडी बांधता यायची. घरचा झाला की म्हणे वरच्या कुरणाचं फाटक उघडायचं, जिथे गवत कधी वाळत नाही. त्या वर्षी आमच्याकडची हिरवळ पाहता ते फाटक उघडायची मला फार ओढ लागली.

अश्विनी तिथे सोयरी होऊन बसली होती. तिने एकच गोष्ट शिकवली. म्हणाली, "मामाजी, एकच कुळ धरा. चार चुली फुंकल्या तर एकही पेटत नाई." मी मेंढपाळ धरले. बाकीचं मी माझं शोधलं, हे मी अभिमानाने सांगतो. बाकीचे खेळणारे, जवान पोरं, सगळे लांडग्यांमागे धावायचे. लांडगा मारला की पत एकदम वाढायची हे खरं, पण दुपार त्यातच जायची आणि आपण मेलो तर पुन्हा पहिल्या वेशीपासून चालत यावं लागायचं. मी म्हटलं, ही रीत पेरणीच्या दिवसांत आंबा पडायची वाट पाहत झाडाखाली झोपणाऱ्याची. मी लहान कामं धरली. विहिरीवरून पखाल भरायची, वाटेत पडलेलं जळण उचलायचं, लंगड्या कोकराला पाला टाकायचा, जळण म्हातारीच्या चुलीपाशी ठेवायचं, तिथूनच दूध घेऊन पहारेकऱ्याला द्यायचं आणि पहारेकरी उभा असतो तिथेच पुन्हा विहीर. रिकाम्या हाताने एकही फेरी नाही. नांगर तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी वळवतो तसं वळायचं. अश्विनीने हे दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, असं तर मलेबी सुचलं नव्हतं. तीही माझ्या फेरीने चालू लागली. बघता बघता तिची पत चढली. तिच्या मैत्रिणींना तिने ही फेरी सांगितली, त्याही चढल्या.

मी मात्र पाहुण्याचा पाहुणा. त्यांच्याहून जास्त फेऱ्या माझ्या, तरी नावाखाली तोच शब्द. मी म्हणालो, मोबाइल जुना आहे, तडा गेलाय, त्याच्यातून पत गळत असेल. तिलाही दुसरं काही सुचलं नाही.

याच दिवसांत कादरभाई रोज यायचा. दुपारची नमाज आटोपून तो ओसरीवर येऊन खाटेच्या पायथ्याशी टेकायचा आणि गावाचं सांगायचा. कोणाची पऱ्हाटी निघाली, कोणाची राहिली. त्या वर्षी पऱ्हाटी काढण्याची घाई होती. उभ्या पऱ्हाटीत अळी राहते आणि पुढच्या पेऱ्यावर बसते, म्हणून मुळासकट उपटून वावर साफ करायचं, असं कृषीवाले सांगून गेले होते आणि ते आम्हालाही पटलं होतं. गावातली वावरं एकेक करून मोकळी झाली. राहिलं ते माझं. टेकाडावर ट्रॅक्टर चढत नव्हता, पोरगा पुण्याला, मी खाटेवर. कादरभाई म्हणायचा, "इर्जिक बसवू. दहा माणसं पऱ्हाटी उपटायचे चिमटे घेऊन आली तर एका दिवसाचं काम नाई." मी म्हणायचो, पाय बरा झाला की मीच उपटतो. माझ्या वावरातली अळी पहिल्यांदा कोणाच्या वावरात उतरणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण ते त्याने एकदाही तोंडातून काढलं नाही. गया मात्र बोलली. म्हणाली, "तुमचा पाय बरा होयेपर्यंत अळीनं काय उपास धरावा?"

इर्जिक म्हणजे काय हे माझ्या नातवंडांना सांगावं लागेल म्हणून लिहितो. एखाद्याचं काम अडलं की गावातले लोक आपली अवजारं, आपले बैल घेऊन त्याच्या वावरात जायचे आणि एका दिवसात काम उरकायचे. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. वावराच्या मालकाने जेवू घालायचं. गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल. मी साऱ्या गावाच्या इर्जिकीला गेलो. कोणाच्याही वावरात माझी जोडी सगळ्यांत आधी उभी असायची, आजही विचारा. पण माझी एक रीत होती. मी जेवायला थांबायचो नाही. काम सरलं, हात धुतले की घरचा रस्ता. भाकर माझी मी बांधून न्यायचो. माझा बाप सांगायचा की हात द्यावा, तोंड पसरू नये. आणि माझ्या वावरात मी इर्जिक कधीच बसू दिली नाही. माझं काम माझं. ही रीत मला तेव्हाही चांगली वाटायची आणि तिच्यात काही वाईट होतं असं मी आजही म्हणत नाही. पण रीत करणाऱ्याला एक दिसते आणि समोरच्याला दुसरीच दिसते, एवढं मला त्या जानेवारीत कळलं.

खेळात लोकरीची जत्रा आली. वर्षातून एकदा मेंढपाळांच्या खोऱ्यात भरायची. पाच जणांनी मिळून पूल ओलांडायचा आणि पाचही जण कमीत कमी शेजारी असावेत. अश्विनीच्या माहेरच्या तीन मैत्रिणी आणि ती, अशा चार झाल्या. पाचवं माणूस तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमचे मामाजी येतात, ज्यांनी ती फेरी शोधली. तिला खात्री होती की तोवर माझी पत वाढेलच. मलाही होती. म्हणून तर त्या आठवड्यात जेवता जेवताही मी पखाली वाहिल्या. त्या पोरींनी मोबाइलवरून मला राम राम घातला, त्यांच्यापुढे नाव राखायचं होतं. जत्रेच्या दिवशी ऊन कलायला आम्ही पाच जण पुलावर गेलो. चौघी पुढे सरकल्या. माझ्यापुढे पहारेकऱ्याने काठी आडवी धरली. ज्याला मी इतके दिवस दूध नेऊन दिलं तोच. खाली अक्षरं आली, मी बोट ठेवून वाचली: "मेहमान के लिए पुल नहीं खुलता।"

त्या पोरी थांबल्या. मग पूल बंद झाला, कारण पाच जण पुरे नव्हते. त्यांची जत्रा माझ्यामुळे गेली. मी मोबाइल गोधडीत फेकला आणि म्हणालो, तुमच्या खेळाले माणसाची किंमत नाई.

कादरभाई तिथेच बसला होता, हातात चहाचा कप. अश्विनीने गोधडीतून मोबाइल काढला, डोक्यावरचा पदर सावरला आणि बराच वेळ कायकाय उघडून पाहिलं. मग म्हणाली, "मामाजी, तुमची झोळी तर रिकामी हाय. म्हातारीनं दिलेलं कुठं ठेवलं?"

तर ते असं होतं. प्रत्येक काम सरलं की मेंढपाळांची म्हातारी तंबूबाहेर यायची. कानात जाड बाळ्या, हातात काहीतरी धरलेलं. कधी भाकरीचा तुकडा, कधी वाटीभर दूध, कधी लोकरीचा गोळा. खाली दोन खुणा यायच्या, एक पसरलेला हात आणि एक फुली. मी दर वेळी फुली दाबायचो आणि मनात म्हणायचो, राहू दे माय. ती मान खाली घालून आत जायची. मला वाटायचं ती माझा मान ठेवते.

"मी काई घेतच नाई," मी म्हणालो.

"काऊन?"

"इर्जिकीत कोणी मजुरी घेते का?"

अश्विनीने हसू दाबलं. मग नीट समजावून सांगितलं, जसं लहानाला सांगतात. "मामाजी, ते मजुरी नाई देत. जेवू घालतात. तुमी त्याईच्या हातचं घेतलं की मंग ते तुमाले जवळचं मानतात. नाई घेतलं तर तुमी कितीबी पाणी वाहा, पाहुणेच." ती एवढं बोलून चहाचे कप घेऊन आत गेली. तिच्या लेखी गोष्ट संपली होती. कुठे अडकलं ते सापडलं, आता सुधारता येईल.

कादरभाई हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. माझ्या प्लास्टरकडे पाहत म्हणाला, "तुळशीराम, एक विचारू? राग नको धरू."

"विचार."

"माह्या वावरात तू किती डाव इर्जिकीले आला असशीन. सगळ्याच्या आधी आला. पण जेवायले एक डाव नाई बसला. हात धुतले का निघाला. तुही भाभी गोवऱ्यायतून रोडगे काढत राहे न तुही पाठ पाह्यत राहे."

मी म्हणालो, मी कोणाच्याच वावरात जेवत नाही, साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"गावाले ठाऊक असन. भाभी कुठं गेली दुसऱ्याच्या इर्जिकीले? तिले तिचंच वावर दिसलं. ती एकच म्हणे, आपल्या हातचं त्याले चालत नसन."

ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा, तो मी दर वर्षी वाटी चाटून खाल्ला आहे. पण आमच्या घरात, भिंतीआड. भाभीला ते कुठून दिसावं? त्यांच्या दारी गेलो तरी मी उभ्या उभ्या बोलून परत फिरायचो. कोणाच्याही दारी तसाच. मला स्वतःचा नाही, तिचाच राग आला, की इतकी वर्षं हे मनात ठेवलंच कसं. मग मी कादरभाईला विचारलं, "न तुले? तुले काय वाटे?"

"मी तिले म्हणो, तसं नाई, त्याची रीतच तशी हाय," तो म्हणाला. "पण जोर देऊन नाई म्हणो."

टोपी नीट करून तो उठला. अंगणातून वळून एवढंच म्हणाला की चिमटे त्याने गोळा करून घरी ठेवले आहेत, मी हो म्हणेन त्या दिवशी माणसं येतील. मग गेला. शेळीने त्याच्यामागे दोरी ताणली, रोजच्यासारखी.

मनात बापाशी भांडलो, भाभीशी भांडलो, त्या पहारेकऱ्याशी तर भांडलोच. पण कादरभाईचं ते शेवटचं वाक्य काही केल्या हलेना. धुऱ्यावरचं बोरीचं झाड दोघांचं, बैल अडला तर एकमेकांचा जुंपायचो, आणि या माणसाला बायकोपुढे माझ्या बाजूने जोर देऊन बोलता आलं नव्हतं. कारण बोलायला त्याच्याजवळ मी काही दिलंच नव्हतं. काम दिलं होतं, घाम दिला होता. त्याच्या घरचा एक घास मात्र त्याच्यासमोर घेतला नव्हता.

हा खेळ आता बंद पडला. अश्विनी सांगते, कंपनीनेच बंद केला, ती सातही खोरी आता कुठेच नाहीत. मला वाईट वाटतं. ज्या कोणी तो बनवला, कुठल्या शहरातली पोरं असतील, त्यांना ठाऊकही नसेल की त्यांची ती बाळ्यावाली म्हातारी इकडे आमच्या गावात काय करून गेली. त्यांचं भलं होवो. फुली दाबली तर पत वाढणार नाही, असं ज्याने ठरवलं त्याला आमच्याकडचा कोणीतरी जुना माणूस भेटला असावा. आणि सुनेचे उपकार तर मी कोणत्या तोंडाने सांगू. ती आजही माझ्यासमोर पदर घेते, पण चहाला आता दोनच माणसं लागतात.

दिवे लागायच्या वेळेला मी मोबाइल मागून घेतला. जत्रा उठली होती, पुलापाशी कोणी नव्हतं. मी विहिरीवर गेलो, एक पखाल भरली आणि लंगड्या कोकराला पाजली, बस एवढंच काम. म्हातारी तंबूबाहेर आली, हातात अर्धी भाकर. मी पसरलेल्या हाताच्या खुणेवर बोट ठेवलं. साऱ्या कळपाच्या घंटा एकदम वाजल्या. म्हातारी या वेळी आत गेली नाही. चुलीपाशी बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली. खाली लिहून आलं, "बैठो।" माझं बाहुलं जाऊन तिच्याजवळ बसलं. नावाखालची पत दाखवणारी रेघ दोऱ्याएवढी पुढे सरकली. आतून अश्विनीला घंटा ऐकू गेल्या असणार, कारण ती दारात येऊन उभी राहिली.

गया दिव्याची वात सारखी करत होती. मी तिला म्हणालो, उद्या सकाळी माह्या वाट्याच्या भाकरी टाकू नको.

"काऊन? कुठं जाऊन राह्यले पाय घेऊन?"

"जेवायले," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणी सुरू व्हायच्या आत, मी दोन कुबड्या काखेत घेतल्या आणि निघालो. डॉक्टरने पाय टेकायला अजून हो म्हटलेलं नव्हतं, म्हणून एका पायावर उड्या मारत, भिंती धरत दोन गल्ल्या गेलो. वाटेत दोघा-तिघांनी हात पुढे केला. एकाचा धरला. कादरभाई दारात बैलापुढे वैरण टाकत होता, मला पाहून त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. भिंतीला चिमटे उभे करून ठेवलेले होते, सगळे एका रांगेत. मी सरळ आत गेलो. भाभी अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. मी कुबड्या भिंतीला लावल्या, प्लास्टरचा पाय लांब करून तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "भाभी, भूक लागली."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या कादरभाईकडे. तव्यावरची भाकर सरळ माझ्यापुढे ताटलीत टाकली, बाजूला ठेचा, त्यावर तेलाची धार. "गरम हाय," ती म्हणाली, "हळू खा." मी हळू खाल्ली. दोघं पाहत होते, पाहू दिलं. पहिली सरत आली तेव्हा मी कादरभाईला हाक मारून सांगितलं की परवा इर्जिक ठेव, माह्या वावरात, रोडगे गया करीन न वांगे भाभीनं करायचे. मग ताटली पुढे केली आणि दुसरी भाकर मागून घेतली.